शके १८९८ म्हणजे १९७६ नव्हे: फुलांच्या आणि हस्तकलेच्या प्रदर्शनाचा इतिहास लिहायचाय त्यांच्यासाठी

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. सांगलीतल्या एका ताईंनी विचारलंय, की त्यांच्या भागातलं महिला मंडळ दरवर्षी थंडीत फुलं, कुंड्या, हस्तकला, रांगोळी असं दोन दिवसांचं प्रदर्शन भरवतं, त्यांच्या सासूबाई सुरुवातीच्या मंडळींपैकी. जानेवारी २०२६ मध्ये सुवर्णमहोत्सव करायचं ठरलंय आणि स्मरणिकेत इतिहास लिहायचं काम ताईंवर आलंय. हातात आहे एक पिवळं पडलेलं हँडबिल, त्यावर 'माघ शके १८९८, शनिवार-रविवार' एवढंच, म्हणजे १८९८ अधिक ७८ करून १९७६ धरलंय. सासूबाई म्हणतात वसंतदादा मुख्यमंत्री झाले त्याच्या आधीची थंडी, दुसऱ्या एक आजी म्हणतात नाही, नंतरची. कमिटीतल्या काहींचा आग्रह आहे की 'संस्थानकाळापासूनची परंपरा' असं छापायचं. आणि प्रश्न असा की सुरुवात कुठून करू, कारण दप्तर म्हणावं असं काहीच नाही.

ताई, मी मूळचा छापखान्यातला माणूस. वडिलांचा ट्रेडल मशीनचा, म्हणजे पायानं चालवायच्या छपाई यंत्राचा, प्रेस होता सांगलीत, मी खिळे म्हणजे शिशाची अक्षरं जुळवत मोठा झालो, नंतर ऑफसेट आलं. गेली वीसेक वर्षं सातारा-सांगलीतल्या मंडळांच्या, वाचनालयांच्या, शाळांच्या स्मरणिका जुळवून देतो, नुसत्या छापून नाही तर आतला मजकूर शोधण्यापासून. त्यामुळं जे सांगतो ते त्या अनुभवातनं, इतिहासाचा प्राध्यापक म्हणून नाही.

पहिली गोष्ट, तुमचा खरा प्रश्न 'दप्तर नाही' हा नाहीये. दप्तर असतं, ते दप्तर म्हणून ओळखू येत नाही इतकंच, त्यावर खाली सविस्तर लिहितो. खरा प्रश्न दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात हा आहे. सुरू कधी झालं, हा एक. आणि येतं प्रदर्शन कितवं, हा दुसरा. लोक एकाचं उत्तर दुसऱ्याला लावतात आणि मग बॅनरवर आकडा चुकतो.

आता शके. इथं बहुतेक सगळे चुकतात म्हणून नीट सांगतो. शालिवाहन शक गुढीपाडव्याला बदलतं, एक जानेवारीला नाही. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर ७८ मिळवायचे, पण जानेवारी ते पाडवा या मधल्या दिवसांत इंग्रजी साल पुढं गेलेलं असतं आणि शक जुनंच चालू असतं, तिथं ७९ मिळवावे लागतात. माघ महिना साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, पाडव्याच्या आधीच येतो. म्हणजे माघ शके १८९८ हा १९७७ सालचा जानेवारी-फेब्रुवारी, १९७६ चा नाहीच. जानेवारी-फेब्रुवारीत होणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाचं असंच होतं. आमच्या स्वतःच्या हातनं हीच चूक झालेली आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका मंडळाची स्मरणिका होती, मी ७८ मिळवून साल टाकलं, कुणी तपासलं नाही आणि त्यांचा रौप्यमहोत्सव एक वर्ष आधीच साजरा झाला. पुढच्या वर्षी कुणाच्या तरी घरात मूळ पावती पुस्तक निघालं तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं होतं, कारण पहिल्या वर्षीच्या एक बाई त्या सोहळ्यात सांगत होत्या की साल चुकतंय आणि आम्ही त्यांना, तुम्हाला आठवत नसेल, म्हणून गप्प केलं होतं. तेव्हापासून छापलेल्या कागदाच्या मागं मी डोळे झाकून जात नाही आणि म्हाताऱ्या माणसाचं बोलणं खोडत नाही.

तुमच्या सासूबाईंचंच बघा. वसंतदादा पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले मे १९७७ मध्ये. त्याच्या आधीची थंडी म्हणजे १९७७ चा जानेवारी-फेब्रुवारी, हँडबिलावरच्या माघाशी बरोबर जुळतंय. दोन पुरावे एकमेकांशी संबंध नसताना एकाच जागी येतायत, हे फार चांगलं लक्षण. दुसऱ्या आजींचं 'नंतरची' पण चूक म्हणून सोडू नका, कदाचित त्या दुसऱ्या वर्षापासून आल्या असतील आणि त्यांच्यासाठी तेच पहिलं. त्यांना विचारा, तुम्ही गेलात तेव्हा बक्षिसाचा फिरता चषक आधीच होता का, नवीन आणला होता.

अजून एक तपासणी करता येईल, तिथी दिली असेल तर वार जुळतोय का ते. त्या वर्षीचं दाते पंचांग कुणाच्या तरी देवघरात किंवा माळ्यावर सापडतं, आपल्याकडं पंचांग रद्दीत घालत नाहीत. आणि हँडबिलावर पत्त्यात पिनकोड आहे का बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे ४१६४१६ छापलेला कागद त्याच्या आधीचा असूच शकत नाही. तुमच्या बाबतीत त्यानं फार फरक पडणार नाही, पण ज्यांच्या कागदावर सालच नाही त्यांना याचा उपयोग होतो.

आता कितवं, याचं. १९७७ पहिलं धरलं आणि एकही वर्ष चुकलं नसेल तर २०२६ चं प्रदर्शन पन्नासावं. पण चुकलंय ना. जानेवारी २०२१ ला कोरोनामुळं कुठंच काही झालं नाही, तुम्हीही लिहिलंय की तेव्हा बंद होतं. मग २०२६ चं एकोणपन्नासावं होतं आणि पन्नासावं जातं २०२७ ला. योगायोग असा की २०२७ लाच सुरुवातीपासून पन्नास वर्षं पूर्ण होतायत, म्हणजे दोन्ही हिशेब एका जागी येतात. पण हे एकच वर्ष चुकलंय असं धरून. जानेवारी २०२२ ला पण ओमायक्रॉनचे निर्बंध होते, तेव्हा तुमचं झालं का, का फक्त व्हॉट्सॲपवर फोटो मागवून स्पर्धा घेतली? तशी घेतली असेल तर ती मोजायची का, हे मंडळानं ठरवायचं, माझं मत मोजावी, पण स्मरणिकेत तसं स्पष्ट लिहून. आणि जानेवारी २०२० बघा, ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, निम्म्या सांगलीच्या बागा गाळाखाली होत्या, त्या थंडीत प्रदर्शन झालं असेल तर ते कसं झालं हीच एक गोष्ट आहे, आणि झालं नसेल तर आणखी एक वर्ष कमी. तेच २००५ च्या पुरानंतरचं.

सोहळा २०२६ ला करायचा की २०२७ ला हे सगळं कमिटीच्या परिस्थितीवर आहे, देणगीदार ठरले असतील, हॉल बुक असेल, ज्येष्ठ मंडळींची तब्येत असेल. जुनी माणसं हयात असताना करावं हे कारण माझ्या दृष्टीनं पुरेसं आहे. फक्त मग 'सुवर्णमहोत्सवी वर्षात पदार्पण' म्हणा, '५० वं प्रदर्शन' म्हणू नका.

चुकलेली वर्षं शोधायची कशी? इथं मी कुठल्याही मंडळाला पहिला प्रश्न विचारतो, तुमचा फिरता चषक कुठाय. 'सर्वोत्कृष्ट गुलाब' किंवा 'सर्वाधिक गुण' असा एखादा फिरता चषक प्रत्येक प्रदर्शनाला असतोच, आणि त्याच्या लाकडी बैठकीवर दरवर्षी विजेत्याचं नाव आणि साल कोरलेली पट्टी ठोकतात. तो चषक म्हणजे तुमचं दप्तर. कुठल्या सालची पट्टी नाही ते एका नजरेत दिसतं, मग त्या सालाबद्दल विचारायचं. पट्टी नाही म्हणजे प्रदर्शन नाहीच असं मात्र नाही, कधी कोरायचं राहून जातं, कधी चषक घेऊन गेलेलं कुटुंब पुण्याला शिफ्ट होतं आणि दोन वर्षं चषकच नसतो. पण सुरुवात तिथनं करा. तो बहुतेक शेवटच्या विजेत्याच्या शोकेसमध्ये असेल किंवा कुणाच्या तरी पलंगाखाली पोत्यात.

त्यानंतरचा माझा सगळ्यात आवडता कागद म्हणजे विभागांची यादी, म्हणजे प्रवेशिकेच्या मागं छापलेलं ते 'विभाग अ: कट फ्लॉवर्स, विभाग ब: कुंडीतील रोपे' वगैरे. लोक हे फेकून देतात आणि अध्यक्षांच्या भाषणाचा फोटो जपून ठेवतात. मी उलटं सांगतो. भाषण कुठल्याही वर्षीचं वाचा, सारखंच असतं. पण यादीत दरवर्षी काय वाढलं, काय गळालं, यात त्या गावाचा खरा इतिहास असतो. पाच-सहा वर्षांच्या याद्या जरी मिळाल्या तरी त्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि नुसतं बघत बसा.

एक उदाहरण सांगतो. एका प्रदर्शनाच्या सुरुवातीच्या याद्यांमध्ये शेवंतीचे सात-आठ वर्ग होते, मोठी, बटण, एकरंगी, दुरंगी असे, आणि हंगामी फुलांना एकच ओळ. नंतरच्या याद्यांत शेवंती एका ओळीवर आली आणि पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी, डायंथस वाढले. मंडळाला वाटत होतं लोकांची आवड बदलली. पण शेवंती भरात असते नोव्हेंबर-डिसेंबरात, जानेवारीच्या शेवटी ती उतरलेली असते. हंगामी फुलांचं बी टाकतात दसऱ्याच्या आगेमागे आणि ती भरतात जानेवारीत. म्हणजे प्रदर्शनच आधी डिसेंबरात होत असणार आणि मग कधीतरी जानेवारीत सरकलं. जुन्या बायकांना विचारल्यावर त्या म्हणाल्या, हो हो, नाताळच्या सुट्टीत असायचं, पण मग शाळांची गॅदरिंगं त्याच दिवसांत यायला लागली आणि हॉल मिळेना. हे कुठल्याही प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदीत, नव्हतं, फुलांनी सांगितलं.

गुलाबाचं पण तसंच. छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी फूल येतं, म्हणून स्पर्धेला फूल द्यायचं तर तारखेवरनं उलटं मोजून छाटणी करतात. तुमच्या जुन्या स्पर्धकांना 'तुम्ही छाटणी कधी करायचा' विचारा, त्यांना प्रदर्शनाची तारीख आठवणार नाही पण छाटणी दिवाळीच्या आधी का नंतर हे पक्कं आठवेल.

याद्यांचं मूळ कुठलं तेही बघा. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला असतं, ते भरवणारी संस्था १८३० ची आहे, आणि मी पाहिलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच याद्यांची भाषा आणि वर्गवारी तिथल्यासारखीच आहे. तुमच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी कुणी पुण्याला जाऊन ते बघून आलं होतं का, हे विचारण्यासारखं आहे. असेल तर ते लिहा, त्यात कमीपणा काहीच नाही, बघून येऊन आपल्या गावात करावंसं वाटणं हीच तर सुरुवात.

हस्तकलेच्या विभागाचं मूळ मात्र माझ्या मते वेगळं आहे, ते रुखवतात आहे. लग्नात मांडलेलं रुखवत बघायला सगळी आळी यायची, क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, भरतकाम, साखरेचं काम, आणि कुणी काय केलंय यावर वर्षभर बोलणं व्हायचं. प्रदर्शनानं ते लग्नघरातनं बाहेर आणलं आणि लग्न झालेल्या, मुलं मोठी झालेल्या बाईला पण मांडायची जागा दिली. मी पाहिलेल्या याद्यांमध्ये हे दिसतं, सुरुवातीला विभागाचं नावच 'रुखवताचे साहित्य', मग 'गृहकला', मग 'टाकाऊतून टिकाऊ', मग वायरच्या पिशव्या, मॅक्रमे, ग्लास पेंटिंग, क्विलिंग, आता रेझिन. प्रत्येक वस्तूच्या मागं एक क्लास घेणारी बाई असते, जिनं गावात ती कला आणली. तिचं नाव शोधा.

एक नोंद मला कधी विसरता येत नाही. मिरजेकडच्या एका जुन्या प्रवेश-रजिस्टरमध्ये भाजीपाला विभागात 'भोपळा' लिहिलेला आणि पुढं शेऱ्यात 'तंबोऱ्याचा, खाण्याचा नव्हे'. परीक्षकांनी तो भाजीपाल्यातनं काढून हस्तकलेत टाकला होता आणि मग तिथनंही परत पाठवला, कारण वाद्य अजून झालं नव्हतं. मिरजेत सतार-तंबोऱ्याचं काम एकोणिसाव्या शतकापासून आहे, फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात, हत्यारं बनवणारे शिकलगार या कामाकडं वळले कारण हत्यारांची मागणी संपली. त्या वाद्याचा भोपळा मात्र पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतो, जाड सालीचा, वेलावरच वाळवलेला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं. तर असा भोपळा बाग आणि कारागिरी या दोन्हींच्या मधे उभा, आणि आपल्या यादीत त्याला जागा नाही. तुमच्या रजिस्टरमध्ये अशा खोडलेल्या, हलवलेल्या, परत पाठवलेल्या नोंदी शोधा. प्रदर्शन कुणाला आत घेत होतं आणि कुणाला नाही, ते तिथं कळतं.

यावरनंच एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. रजिस्टरमध्ये स्पर्धकाचं नाव असतं ते बंगल्याच्या मालकाचं. गुलाब वाढवलेला असतो माळ्यानं. कुंडी केलेली असते कुंभारवाड्यात, परडी बुरुडाच्या घरात. कितीतरी वर्षं एकच माळी चार बंगल्यांत काम करत होता आणि चारही बंगल्यांना बक्षीस मिळत होतं, असं मी दोन ठिकाणी प्रत्यक्ष ऐकलंय. त्या माळ्याच्या मुलाला जाऊन भेटलो तर त्याच्याकडं बियांच्या पुड्यांवर लिहिलेल्या तारखा होत्या, कुठल्या वर्षी कुठलं बी कुठनं आणलं ते. मंडळाकडं नव्हतं इतकं त्याच्याकडं होतं. तुमच्या स्मरणिकेत माळ्यांसाठी दोन पानं ठेवा, त्यांची नावं फोटोसकट छापा, अर्थात त्यांना विचारून. पन्नास वर्षांत हे कुणी केलं नसेल तर आता करायलाच पाहिजे.

मुलाखतींबद्दल. 'कधी सुरू झालं' असं थेट विचारू नका, माणूस गोंधळतो आणि कुठलंतरी गोल साल सांगतो. तेव्हा तुम्ही कुठं राहत होता, मोठा मुलगा कितवीत होता, घरात टीव्ही आला होता का, असं विचारा. आणि खुंट्या वापरा, ज्या आपल्या भागात सगळ्यांना आठवतात. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७, बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, दादा मुख्यमंत्री झाले ते, इंदिराजी गेल्या ते चौऱ्याऐंशी, किल्लारी त्र्याण्णव, मग पाचचा पूर, एकोणीसचा पूर. दोघी-तिघींना एकत्र बसवलं तर एकीला दुसरी दुरुस्त करते, ते चांगलंच आहे, पण आधी प्रत्येकीला एकटीला भेटा, नाहीतर जिचा आवाज मोठा तिचाच इतिहास होतो. मोबाइलवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. आणि घरातली जुनी कालनिर्णय विचारा, ती १९७३ पासून आहे, बऱ्याच बायका त्यावर दुधाच्या खाड्यासोबत 'प्रदर्शन', 'मीटिंग', 'मंडपवाला रु. ५०' असं लिहितात.

कागद कुठं कुठं मिळतील हे भराभर सांगतो. हँडबिलाच्या अगदी तळाला मुद्रकाचं नाव आणि गाव असेल, ते हौस म्हणून छापत नव्हते, १८६७ च्या छापखान्याच्या कायद्यानं बंधनच होतं, त्या प्रेसच्या घरी जाऊन जॉब-रजिस्टर किंवा नमुन्यांची फाईल विचारा, आम्ही प्रत्येक कामाची एक प्रत फाईलला लावायचो. मंडळ नोंदणीकृत असेल तर धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत परिशिष्ट एक मिळेल, त्यात पहिले विश्वस्त असतात, आणि नंतरच्या बदल अर्जांवरनं कोण कधी आलं-गेलं तेही, फक्त नोंदणीची तारीख म्हणजे प्रदर्शनाची सुरुवात समजू नका, आपल्याकडं आधी कार्यक्रम होतो आणि चार-पाच वर्षांनी देणगीची पावती द्यायची वेळ आली की नोंदणी होते. मैदान किंवा हॉलच्या भाड्याच्या पावत्या नगरपालिकेच्या असतील, महापालिका झाली १९९८ ला, त्यामुळं त्याआधीच्या गोष्टीसाठी 'महापालिका' लिहू नका. बँकेची जुनी पासबुकं, ऑडिटरकडचे जमाखर्च. फोटो स्टुडिओचा शिक्का फोटोच्या मागं असतो आणि कधी कधी निगेटिव्हचा नंबरही.

वर्तमानपत्रं बघायची तर सांगलीच्या नगर वाचनालयात जाल, ते १८६९ चं आहे, पण पुरांमध्ये तिथलं बरंच भिजून गेलं हे लक्षात घेऊन जा आणि सोबत कोल्हापूरचीही तयारी ठेवा, सांगलीच्या बातम्या तिथल्या पेपरांत येत असत. साताऱ्यातल्या कुणाला हेच करायचं असेल तर साताऱ्याचं नगर वाचनालय १८५२ चं, आणि तिथला 'ऐक्य' हा पेपर. पेपरात शोधताना एकच दिवस बघू नका, प्रदर्शनाच्या आधीचा आठवडा निवेदनासाठी आणि नंतरचा आठवडा निकालासाठी, निकालाच्या बातमीत नावं असतात म्हणून तीच जास्त कामाची.

आता 'संस्थानकाळापासूनची परंपरा'. मला समजतं की कमिटीला असं का वाटतं, सांगलीला तसा वारसा आहेच. १८४३ ला इथं विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब यांच्या आश्रयानं सीतास्वयंवर हे नाटक केलं आणि मराठी रंगभूमीची सुरुवात तिथनं मोजतात. शेजारी औंधला तिथले संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी स्वतः चित्रकार असल्यामुळं जमवलेला संग्रह १९३८ ला संग्रहालय म्हणून उभा केला, त्यात रविवर्म्याची चित्रं आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पसुद्धा, खेडेगावाच्या टेकडीवर. खरसुंडीच्या यात्रेत खिलार जनावरं सजवून बाजारात उभी करतात, ते पण प्रदर्शनच की. म्हणजे चांगलं काम चार लोकांसमोर मांडायचं, त्याचं कौतुक व्हायचं, ही सवय या मातीत जुनी आहे. हे सगळं पार्श्वभूमी म्हणून एका परिच्छेदात जरूर लिहा. पण १९७७ ला आठ-दहा बायकांनी एका हॉलमध्ये टेबलं मांडून जे सुरू केलं, ते राजेसाहेबांच्या आश्रयानं आलेलं नाही, आणि मधली साखळी दाखवणारा एकही कागद तुमच्याकडं नाही. संस्थानं विलीन झाली १९४८ ला. मधे एकोणतीस वर्षांचं अंतर आहे, या भागाचं नाव आधी दक्षिण सातारा जिल्हा होतं आणि १९६० ला सांगली झालं, एवढं सगळं मधे होऊन गेलंय. ती उडी मारली तर नुसतं चुकीचं होत नाही, त्या बायकांचं श्रेय जातं. त्यांनी वर्गणी काढली, घरच्यांची बोलणी खाल्ली, टेबलांवर घरच्या चादरी अंथरल्या. ते राजघराण्याच्या नावावर का टाकायचं? हे कमिटीला असंच सांगा, माझा अनुभव आहे की लोक ऐकतात.

लिहिताना सालवार लिहू नका, म्हणजे '१९७८: अध्यक्ष अमुक, उद्घाटक तमुक' असं पानभर. ते शेवटी तक्त्यात टाका, ज्यांना आपलं नाव शोधायचंय त्यांना सापडेल. मुख्य मजकूर वस्तूंवरनं लिहा, शेवंतीचं एक पान, रुखवताचं एक, पुरानंतर गच्चीवर गेलेल्या बागांचं एक, माळ्यांचं, चषकाचं. आणि जिथं दोन आठवणी जुळत नाहीत तिथं दोन्ही छापा, नावानिशी. तक्त्यात ज्या वर्षाचं काही मिळालं नाही ती ओळ रिकामी सोडा आणि खाली 'माहिती असल्यास मंडळास कळवावी' लिहा. एका स्मरणिकेत आम्ही अशा सहा ओळी रिकाम्या सोडल्या होत्या, प्रकाशनाच्या दिवशी मांडवातच चार भरल्या, लोक पेन मागून घेत होते.

वेळ किती लागेल ते तुमच्याकडं माणसं किती यावर आहे. दोघी-तिघी असाल आणि आठवड्यातनं एक दिवस देणार असाल तर चार महिने धरा, त्यातला दीड महिना मुलाखतींना. सासूबाई आणि त्या दुसऱ्या आजी यांच्यापासून सुरू करा, कागद नंतरही मिळतील.

तेवढं हँडबिल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, दमटपणा धरतो, साध्या पांढऱ्या कागदात घडी न घालता ठेवा आणि दोन्ही बाजूंचा फोटो इथं टाका. मागची बाजू कोरी असली तरी टाका, त्या काळात मंडळी मागं पेन्सिलीनं खर्च लिहीत, आणि तळाची मुद्रकाची ओळ वाचता आली तर तो प्रेस कुठला होता ते मी सांगू शकेन.